‘माझी आई’, दहापैकी चार

या वेळचं पत्र बरंच मोठं होतं. लिहिणारीचं नाव-गाव गाळून, थोडं आखडून देते आहे. त्यातली मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली उपासना, आणि रोजरी म्हणजे मण्यांच्या माळेवरचा जप.

“ताई, आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. स्मृतिदिनाच्या मिस्सेत मी दोन शब्द बोलावेत असं भावंडांनी ठरवलंय, कारण घरात ‘लिहिण्यातली’ मी. आई ३४ वर्षं शिक्षिका होती, मराठी शिकवायची. पहाटेची मिस्सा, संध्याकाळची रोजरी, यात कधी खंड पडला नाही. ती गेल्यापासून तिच्या विद्यार्थ्यांचे मेसेज येताहेत, ‘बाई आमच्या दुसऱ्या आई होत्या.’ ते वाचून मला रडू येत नाही, राग येतो. यांना आई मिळाली आणि मला बाई. सातवीत मी तिच्याच वर्गात होते. शाळेत तिला ‘बाई’च म्हणायचं. माझा हजेरी क्रमांक १७. चिडली की घरीसुद्धा ‘सतरा’ अशी हाक यायची. सहामाहीला निबंध आला, ‘माझी आई’. मी जीव ओतून लिहिला. तिने दहापैकी चार दिले आणि खाली लाल शाईने लिहिलं, ‘ही कुणाचीही आई आहे. तुझी कुठे आहे?’ त्या दिवशी घरी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. या विषयावर तर पुढे कधीच नाही.

आता मोठी बहीण म्हणते, आई संत होती एवढंच सांग. भाऊ म्हणतो, काही बोलूच नकोस. फादर म्हणतात तीन मिनिटं, आणि गुणगान नको. मी स्वतः दहा-बारा वर्षं मिस्सेला जात नाही. आईला ते फार लागलं होतं. मग मी वेदीजवळ उभं राहून तिच्या श्रद्धेबद्दल बोलायचं, हा खोटेपणा नाही का? तिची प्रार्थनेची पुस्तकं आवरताना आत चिठ्ठ्या सापडल्या. वर इयत्ता आणि साल, खाली पंधरा-सोळा आकडे, काहींपुढे बारीकसा क्रूस. माझ्या सातवीच्या सालच्या चिठ्ठीत १७ आहे, इतरांसारखाच. तिथेही मी आकडाच. सांगा, काय बोलू?”

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी त्या चार गुणांचं बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्याभोवती फिरतंय असं मला वाटतं.

आई शिक्षिका आणि मूल त्याच वर्गात, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पोटच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून माप उलट्या बाजूला झुकवायचं. त्यात पोर भरडली जाते आणि बाईंच्या निःपक्षपातीपणाचं शाळाभर कौतुक होतं. तुमचा राग खरा आहे. चार गुण एक वेळ चालतील, पण संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी पर्स खाली ठेवून आई व्हायला हवं होतं. ते त्यांना जमलं नाही. मी त्यांची बाजू घेणार नाही.

पण शेरा बरोबर होता.

माझी आई गेली तेव्हा वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर मी लिहिला होता. सोशिक, मायाळू, कष्टाळू. मावशीने चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, “ही कोण गं?” खरंच, माझी आई आणि सोशिक! रांगेत कुणी मधे घुसला तर त्याला पार शेवटपर्यंत पोचवून यायची ती. दुःखात हात आपोआप ठरलेल्या शब्दांकडे जातो. ते शब्द धुतलेल्या पांढऱ्या चादरीसारखे असतात, कुणावरही घाला, बसतात. तुम्ही सातवीत तेच केलं असणार, सगळीच मुलं करतात. निबंधातली आई पहाटे उठते, राब राब राबते, देवासारखी असते. तुमच्या आईला त्यात स्वतःचं नाक, डोळे, आवाज काहीच दिसलं नाही. बाई म्हणून त्यांनी गुण कापले. आई म्हणून कदाचित थोडं लागलंही असेल. हा माझा तर्क, सोडून दिलात तरी चालेल.

आता त्याच विषयावर तुम्हाला पुन्हा लिहायचं आहे आणि तपासणारी हयात नाही. शेरा मात्र हातात आहे. बहिणीचं ‘संत होती’ ही तर कुणाचीही आई झाली.

फादर काय म्हणताहेत तेही समजून घ्या, ते आडमुठेपणा करत नाहीयेत. मी कॅथलिक नाही. माझी शाळा नन्सची होती आणि एका निवृत्त फादरांशी जुनी ओळख आहे, तेव्हा पुढचं त्यांच्याकडून पक्कं करून घेतलंय. मिस्सा कशी व्हावी याचे रोमन चर्चचे जे नियम आहेत, त्यातला ३८२ वा सांगतो की अंत्यविधीच्या मिस्सेत छोटं प्रवचन असावं, पण गुणगौरवाचं भाषण कुठल्याच प्रकारचं नको. बऱ्याच ठिकाणी कम्युनियन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर घेणं, त्यानंतरची प्रार्थना झाली की घरच्या एखाद्याला थोडक्यात आठवण सांगू देतात. स्मृतिदिनाच्या मिस्सेत तुम्हाला मिळालेली तीन मिनिटं त्याच सवलतीतली दिसतात.

मी त्या निवृत्त फादरांना विचारलं, चांगल्या माणसाला चांगलं म्हटलं तर बिघडतं कुठे? ते हसले. म्हणाले, “ती मिस्सा तिच्यासाठी प्रार्थना करायला असते. तुम्ही तिला सरळ स्वर्गात नेऊन बसवलंत, तर आम्ही सगळे तिथे जमलोय कशाला?” कॅथलिक श्रद्धेत देवाच्या कृपेत गेलेल्या माणसालाही बहुधा स्वर्गाआधी शुद्धीस्थानातून जावं लागतं आणि तिथे त्याला मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेची मदत होते. २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस त्यासाठीच असतो. म्हणजे तुमच्या आईच्याच हिशेबाने पाहिलं, तर तिला संत म्हणून मोकळं होणं हा तिच्यावर थोडा अन्यायच आहे. तिच्या वाटच्या प्रार्थना तुम्ही बंद करताय.

बहिणीला आणखी एक सांगा, हलक्या हाताने. एखाद्याला संत ठरवायची रीतसर चौकशी सुरू करायलासुद्धा, १९८३ च्या नियमांप्रमाणे, मृत्यूनंतर निदान पाच वर्षं थांबावं लागतं. पोपनी सूट दिली तर गोष्ट वेगळी. शिवाय त्या चौकशीत विरोधात बोलणाऱ्यांचीही साक्ष घेतात. तुमच्या घरी वर्षसुद्धा झालेलं नाही, आणि विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला, म्हणजे तुमच्या भावाला, गप्प बसायला सांगितलंय असा माझा अंदाज आहे. त्याला एकट्याला गाठा आणि विचारा, “तुझं काय राहिलंय?” ते भाषणात घालायचं नाही. नुसतं ऐकायचं.

आता एका मुलाची गोष्ट सांगते. त्यानेही आपल्या आईबद्दल लिहिलं होतं आणि ते सोळाशे वर्षं टिकलंय. संत ऑगस्टिन. त्याची आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात वारली. तिला ५६ वं वर्ष चालू होतं, त्याला ३३ वं. आफ्रिकेतल्या घरी परत जाण्यासाठी ते तिथे थांबले होते. पुढे दहा-एक वर्षांनी त्याने आपल्या आत्मकथनात तिच्याबद्दल लिहिलं. त्यात आईची श्रद्धा आहे, मुलासाठी वर्षानुवर्षं ढाळलेले अश्रू आहेत. पण त्याच पानांत हेही आहे की लहानपणी तिला पिंपातून वाइन काढून आणायला पाठवत आणि ती मधल्या मधे ओठ लावून घेई. थेंबाचे घोट झाले, घोटांचे पेले. एके दिवशी भांडणात घरच्या दासीने तिला तोंडावर ‘दारुडी’ म्हटलं आणि ती सवय तिथेच सुटली. काय गरज होती त्याला हे लिहायची? आई संतपदाला पोचलेली बाई, मुलगा बिशप. पण ती दासी आणि ते पिंप आलं, आणि मोनिका कुणाचीही आई राहिली नाही, ऑगस्टिनची झाली.

त्याने स्वतःलाही सोडलेलं नाही. आईला खोटं सांगून, तिला किनाऱ्यावर ठेवून, रात्रीच्या जहाजाने आपण रोमला पळालो, हे त्याने लिहून ठेवलंय. तेव्हा तोही आईच्या श्रद्धेपासून लांब होता. तो पुढे परतला म्हणून तुम्हीही परता, असं मी सुचवत नाहीये. ती गोष्ट त्याची. मला एवढंच दिसतं की आईच्या श्रद्धेबद्दल लिहायचं तर आधी आपण कुठे उभे होतो ते सांगून टाकलेलं बरं असतं.

आणि रडू येत नाही म्हणालात ना? ऑगस्टिनही आईला पुरताना रडला नाही. मन हलकं होईल म्हणून अंघोळीला जाऊन आला, काही उपयोग झाला नाही. मग झोपला. जागा झाल्यावर एकटा असताना रडला. तुमची झोप लांबली असेल. त्याची घाई नको.

खोटेपणाचा प्रश्न. तुम्ही वेदीजवळ उभं राहून ‘माझा असा असा विश्वास आहे’ म्हणणार असाल तर खोटेपणा होईल. ‘ती असं असं करायची’ म्हणालात तर ती साक्ष झाली, आणि साक्षीला श्रद्धा लागत नाही, डोळे लागतात. ते तुमचे चांगले आहेत, पत्रावरून दिसतंय. म्हणून भाषणात विशेषणं घालू नका, क्रियापदं घाला. ‘ती श्रद्धाळू होती’ हे खोडून टाका आणि स्वतःलाच विचारा. रोजरी म्हणताना ती कधी पेंगायची का? पेंगली तर मणी हातात कुठे थांबायचा? पेपर तपासायचा गठ्ठा आणि रोजरी एकाच संध्याकाळी आली तर आधी काय व्हायचं? तिच्या जपमाळेचा कुठला भाग झिजलाय? गीतं सुरात म्हणायची की नुसतीच मोठ्याने? फादरांच्या प्रवचनातल्या मराठीच्या चुका ती घरी येऊन दुरुस्त करायची का? (मराठीच्या शिक्षिकेला हे केल्याशिवाय राहवलं असेल असं मला वाटत नाही. असेल तर जरूर सांगा. फादरांची आधी परवानगी घ्या.)

तुम्ही मिस्सेला जात नाही हे निम्म्या चर्चला ठाऊकच असणार. एका वाक्यात सांगून टाका. ‘मी इथे येत नाही याचं तिला वाईट वाटायचं, आज तिच्यासाठी आले आहे.’ कारण देऊ नका, माफी मागू नका, लगेच पुढच्या वाक्याला लागा. कम्युनियनला रांगेत उभं राहायचं की जागेवर बसायचं, ते आधीच फादरांना भेटून ठरवा. जागेवर बसलात तरी नंतर उठून दोन शब्द बोलायला त्यांची हरकत असेल असं वाटत नाही, पण आधी विचारलेलं चांगलं.

विद्यार्थ्यांचा राग तर मला सगळ्यात जास्त कळतो. पण बघा, ‘तास’ हा आपल्याकडचा शब्द किती नेमका आहे. त्यांना तासापुरती आई मिळाली. घंटा झाली की ती संपायची. तिच्या आजारपणात रात्री जागणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. पंधराव्या वर्षी तिच्यासमोर दार आपटणंही नाही. तासापुरती आई सगळ्यांना आवडते, मलाही दोन होत्या. तेव्हा ते मेसेज तुमच्या हिश्शातून काहीतरी काढून नेताहेत असं समजू नका. ‘दुसरी आई’ हीसुद्धा पांढरी चादरच आहे. कुणी पुन्हा तसं लिहिलं तर उलट प्रश्न करा. “बाईंनी तुम्हाला काय केलं होतं, एखादी गोष्ट सांगाल?” दहातले आठ गप्प होतील. उरलेले दोन जे सांगतील ते जपून ठेवा.

आणि त्या चिठ्ठ्या. तुम्ही लिहिता, ‘तिथेही मी आकडाच.’ मी उलट बाजूने बघते आहे. वर्गात पन्नास-साठ मुलं असतील, चिठ्ठीवर पंधरा-सोळाच आकडे. म्हणजे ही हजेरी नाही, वेचलेली यादी आहे, आणि ती प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. रोजरीत ‘नमो मरिया’चे मणी ५३ असतात. कुणासाठी किती, याचा हिशेब तुमच्या आई कसा घालत होत्या ते देव जाणे. कुठल्या मुलांचे आकडे वेचले, नापासांचे, आजारी पडलेल्यांचे, घरी मार खाणाऱ्यांचे, हेही आता कळायचं नाही. पण ज्या वर्षी लाल शाईने चार गुण दिले त्याच वर्षी १७ हा आकडा त्या यादीत आहे. शाळेत कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून जपणाऱ्या बाईंनी देवाकडेही ‘माझी मुलगी’ असं लिहिलं नाही, ‘सतरा’च लिहिलं. तुम्ही याला आकडा म्हणा, मी वेगळं काही म्हणेन. भाषणात दोघींचंही मत नको. ‘चिठ्ठीत माझा नंबर होता’ एवढंच सांगा आणि थांबा. ऐकणारे ज्याचं त्याने घेतील.

लिहायला बसाल तेव्हाच्या बारीकसारीक गोष्टी. तीन मिनिटं म्हणजे सावकाश वाचलं तर तीनेकशे शब्द. चर्चमध्ये आवाज घुमतो, म्हणून अडीचशेच धरा. जन्म, शिक्षण, बदल्या, निवृत्ती हे सगळं गाळा, जमलेल्यांना ते माहीत असतं. पहिलं वाक्य मी सुचवू का? ‘सातवीत बाईंनी मला माझ्या आईवरच्या निबंधाला दहापैकी चार गुण दिले. बाई माझी आईच होती.’ लोक हसतील. हसू द्या, तुम्हालाही दम घ्यायला वेळ मिळेल. मजकूर बहिणीला आदल्या दिवशी वाचून दाखवा, पण पेन तिच्या हातात देऊ नका. कागदावर अक्षर मोठं काढा, ऐन वेळी डोळे भरले तर बारीक अक्षर दिसत नाही.

शेवट गुणगानाने करू नका, मागणीने करा. पुन्हा मोनिकेकडे जाऊ या. नवऱ्याशेजारी पुरलं जावं अशी तिची आयुष्यभर इच्छा होती, तशी जागाही तिने ठरवून ठेवली होती. परमुलखात मरायची वेळ आली तेव्हा मुलांना म्हणाली, देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. ऑगस्टिनने मग वाचणाऱ्यांना तेच मागितलं, आई आणि वडील दोघांसाठी प्रार्थना करा. त्या सगळ्या पुस्तकात ती ‘माझी आई’ आहे. ‘मोनिका’ हे नाव एकदाच येतं, या मागणीच्या ठिकाणी. हे मला फार आवडतं. तुमच्या पत्रात मी तुमचं नाव गाळलं. आईचं गाळावं लागलं नाही, कारण ते तुम्ही लिहिलंच नव्हतं. आई, बाई, ती. तेव्हा शेवटच्या वाक्यात त्यांचं नाव घ्या, बाप्तिस्म्याचं नाव, पूर्ण, आणि ‘हिच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून खाली बसा. तुम्हाला स्वतःला प्रार्थना येवो न येवो, ज्यांना येते त्यांच्याकडे मागता येते.

मिस्सा संपल्यावर बाहेर आवारात जुने विद्यार्थी तुम्हाला गाठतील. पन्नाशीचे, साठीचे, कुणी टक्कल पडलेले. पुन्हा ‘दुसरी आई’ सुरू होईल. त्या चिठ्ठ्या पर्समध्ये घेऊन जा. समोरच्याचं बोलून झालं की विचारा, कुठल्या साली सातवीत होता आणि हजेरी क्रमांक काय होता. बाईंच्या मुलांना तो आठवतोच. मग ती चिठ्ठी काढून बघा. आणि क्रूस असलेला एखादा आकडा भेटला, तर त्याला बाजूला घेऊन त्या वर्षी त्याच्या घरी काय झालं होतं ते विचारा.